कोबा पाणी प्यायला

उमरेड रोडनं दिघोरीच्या पुढे निघालं की डाव्या हाताला एक मोठी टिनाची शेड लागते. तिच्या कपाळावर परवापरवापर्यंत ‘चाफले ऑटो गॅरेज’ असं लिहिलेलं होतं. उन्हानं आजूबाजूची अक्षरं खाऊन टाकली होती, मधला ‘ऑटो’ तेवढा उरला होता. त्यामुळे अधूनमधून एखादी बाई पिशवी सांभाळत आत डोकवायची आणि विचारायची, “सक्करदऱ्याले येता का?” आत खाटेवर आडवे झालेले गोविंदा मिस्त्री डोळे न उघडता म्हणायचे, “येतो ना, पण चाक नाही.”

गॅरेज बंद होऊन बराच काळ लोटला होता. मिस्त्रींचे गुडघे ट्रकच्या खाली जायला नाही म्हणू लागले, आणि नवे ट्रक असे निघाले की त्यांना लॅपटॉप जोडल्याशिवाय ते आपलं दुखणं सांगेनात. मिस्त्रींनी पाने, पेचकस, जॅक सगळं विकलं. शेड तेवढी राहिली, आणि शेडमधला सिमेंटचा कोबा.

हा कोबा बघण्यासारखा होता. उमरेडच्या खाणींतून कोळसा वाहणारे ट्रक तीसेक वर्षं त्याच्यावर उभे राहिले होते. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ग्रीस, त्यावर कोळशाची भुकटी, त्यावर टायरचा दाब, त्यावर पुन्हा ऑइल. अशी पुटं चढत चढत कोबा इतका काळा आणि तुकतुकीत झाला होता की त्यात बघून दाढी करता आली असती. आणि गंमत अशी की गोविंदा मिस्त्री आयुष्यभर सगळ्यांना एकच गोष्ट छातीवर हात ठेवून सांगत आले होते: आपल्या हातून ऑइलचा थेंब खाली सांडत नाही.

“मंग हे का आभायातून पडलं?” असं त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, लग्नानंतर लवकरच विचारलं होतं. उत्तर अजून यायचं होतं.

तर या शेडकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एक भंगारवाला तेवढा महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारून “मिस्त्री, ठरलं का?” विचारायचा, आणि मिस्त्री “पाहू” म्हणायचे. घरात त्यांना वाटायचं आपण बाहेर असावं, बाहेर आले की वाटायचं आता कुठं जावं. मग खाट होतीच.

अशात एका संध्याकाळी सून शेडमध्ये आली. श्वेता रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. मिस्त्री नातेवाइकांना सांगताना “हाडं-सांध्याची मेकॅनिक आहे” असं सांगायचे, आणि ते तिला मनापासून पटायचं. मुलगा रोहित नोकरीपायी चंद्रपूरला, शनिवार-रविवार घरी. बाकीचे दिवस सासरे, सासू आणि सून यांचंच राज्य.

श्वेतानं शेडच्या दारातून रस्त्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरून शेडकडे पाहिलं, मग चप्पल काढून अनवाणी चार पावलं टाकली आणि घसरता घसरता वाचली.

“बाबा, ही शेड मला द्याल?”

मिस्त्री उठून बसले. “कशाले?”

“माझं सेंटर काढते. आपलं स्वतःचं. लोकांना रामदासपेठेपर्यंत यायला किती त्रास होतो माहीत आहे ना? आणि इथं बघा, पायरी नाही की उंबरा नाही. ट्रक आत यायचे म्हणून तुम्ही कोबा रस्त्याच्या बरोबरीनं घातला. व्हीलचेअर सरळ आत येते. अशी जागा नागपुरात शोधून सापडणार नाही.”

मिस्त्रींनी खाटेची दोरी ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. भंगारवाल्याशिवाय कोणाला ही शेड हवी असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“घे ना मग,” ते शेवटी म्हणाले. “विचारतेस काय.”

रात्री जेवताना त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कौसल्याबाईंनी त्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी विक्की पेंटर आला. विक्की त्याच गल्लीतला, तोंडानं फटकळ, हातानं सफाईदार. भिंतींकडे त्यानं बघितलंही नाही. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि कोब्यावर शिंपडलं. थेंब साबुदाण्यासारखे गोल गोल उभे राहिले.

“पाहा मिस्त्री. पाणी आत जाऊन नाही राहिलं. अंदर पूरा ऑइल बसला आहे. जिथं पाणी जात नाही तिथं कलर काय जाईन? लावून देतो म्हटलं तं देतो लावून, पण पंधरा दिवसांत पापडासारखा निघन. मंग तुमीच गल्लीभर माह्या नावानं शंख कराल.”

“टाइल्स?” मिस्त्रींनी विचारलं.

“टाइल्स नको,” श्वेता म्हणाली. “टाइल्स बसवल्या की दारात उंबरा उभा राहणार. आणि ओल्या टाइलवर माझे म्हातारे पेशंट घसरले तर मी त्यांना बरं करू की नव्यानं मोडू?” मग जरा थांबून, सासऱ्यांकडे न बघता ती म्हणाली, “मानेवाड्याला पहिल्या मजल्यावर एक गाळा मिळतोय. मालक नवतपा संपेपर्यंत थांबतो म्हणालाय. जमलं नाही तर तिथं जाईन, बाबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घेऊ नका असं सांगितलं की माणूस नेमकं तेच करतो. पहिल्या मजल्यावर लंगडे, लुळे, पाठ धरलेले लोक जिना चढून जाणार आणि इथं रस्त्याच्या बरोबरीची शेड भंगारवाल्याच्या घशात जाणार, हे चित्र मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं ते हलेना.

“ऑइल माहं आहे,” ते म्हणाले. “मीच काढतो.”

“म्हंजे सांडत होतं तं,” कौसल्याबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं होतं.

रस्त्याच्या पलीकडे व्हरांड्यात गोपाळराव बसलेले असायचे. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळी नोकरी उमरेड–नागपूर लाइनीवर काढलेली, आणि आता कूलरसमोरच्या खुर्चीतून सगळा उमरेड रोड चालवायचे. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या मोटारसायकलचं सायलेन्सर फुटलं, सगळ्याची नोंद त्यांच्याकडे. मिस्त्री सकाळीच डिझेलचा कॅन घेऊन शेडमध्ये शिरले तेव्हा गोपाळरावांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

आता, मेकॅनिक माणसाला मळ दिसला की त्याचा हात आपोआप डिझेलकडे जातो. नटबोल्ट डिझेलमध्ये, बेअरिंग डिझेलमध्ये, हातसुद्धा डिझेलमध्ये. तीसेक वर्षं त्यांनी जगातली प्रत्येक मळकी वस्तू अशीच धुतली होती आणि ती चकाचक निघाली होती. कोबा काय वेगळा? त्यांनी कोब्याला डिझेलनं आंघोळ घातली, गुडघ्याखाली फाटक्या गोधडीची बोंदरी घेऊन तारेच्या ब्रशनं घासघास घासलं, फडक्यानं पुसलं. संध्याकाळपर्यंत काळी पुटं निघाली, आणि खालून राखाडी सिमेंट दिसलं. मिस्त्री दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तीन-चार जणांना बोलावून त्यांनी ते दाखवलंही.

“कोब्याची सर्व्हिसिंग झाली म्हणा ना,” गोपाळराव पलीकडून म्हणाले.

“तुमच्या गाडीची नाई होत होती अशी,” मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिन तापलं. डिझेलनं पातळ झालेलं ऑइल आत जिरलं होतं आणि आडवंतिडवं पसरलं होतं. जे कोपरे जन्मात कधी ट्रकखाली आले नव्हते तेही काळवंडले. वास असा सुटला की पलीकडच्या व्हरांड्यात गोपाळरावांनी नाकाला रुमाल लावला आणि खुर्ची मात्र तशीच ठेवली. विक्कीनं ओंजळभर पाणी टाकलं. साबुदाणा.

“मिस्त्री,” विक्की म्हणाला, “तुमी मळ काढला नाई, मळाले रस्ता दाखवला.”

मग विक्कीच्या अंगात आलं. त्याच्याकडे पेंटर लोकांचं रामबाण औषध होतं, अ‍ॅसिड. तोंडाला फडकं, हाताला रबरी मोजे, आणि “मांगं सरका सारे” असा पुकारा करून त्यानं पातळ केलेलं अ‍ॅसिड शिंपडलं. जिथं कोबा चांगला होता तिथं ते खदखदलं, फेसाळलं, जोरात काम करू लागलं. जिथं ऑइल होतं तिथं ते नुसतं पडून राहिलं, जसा सरकारी कचेरीत अर्ज पडून राहतो. विक्कीनं धुऊन काढलं, पाणी शिंपडलं, आणि स्वतःच मान खाली घालून म्हणाला, “जिथं गरज नव्हती तिथं साफ झालं.”

“बरोबर हुशार आहे तुहं अ‍ॅसिड,” मिस्त्री म्हणाले. “माणसासारखं.”

पण त्या रात्री त्यांनी एक भाकरी कमी खाल्ली.

आणि नवतपा लागला. मे सरताना येणारे हे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. यांत नागपूरकर दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर कानाला दुपट्टा आणि खिशात कांदा घेऊन पडतो. कौसल्याबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या. त्यांना नवतपा म्हणजे सण. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखडीत. “देवानं कसं फुकटात मशीन लावून देलं,” त्या म्हणायच्या.

मिस्त्री मात्र शेडमध्ये खाटेवर पडले होते. हट्टानं. वर टिन तापून टिकटिक वाजत होतं, घाम मानेखालून वाहत होता, आणि ते कोब्याकडे असं बघत होते जसं उसने पैसे नेऊन परत न करणाऱ्या पाहुण्याकडे बघावं. बघता बघता त्यांना दिसलं की कोबाही घामेजतोय. आधी बारीक चकाकी, मग टिपके, मग टिपक्यांची साय. आतलं ऑइल उकाड्यानं वर आलं होतं. त्यांनी बोट लावलं, बोट काळं. संध्याकाळी ऊन उतरलं तसा कोबा कोरडा झाला आणि ऑइल पुन्हा आत जाऊन बसलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा वर.

“दुपारी फिराले निघते ते,” मिस्त्रींनी घरात जाहीर केलं. “रोज निघते. आन् संध्याकाळी घरी जाते.”

कौसल्याबाई तेव्हा कपडे बघत होत्या. डिझेलच्या दिवसाचा मिस्त्रींचा शर्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी त्यावरच्या डागांवर पावडरचा डबा उपडा केला, शर्ट उन्हात पसरला, आणि म्हणाल्या, “मंग बाहेर निघालं की पकडा ना. घरी काहून जाऊ देता?”

“कसं पकडू?”

“हे शर्टाचं कसं पकडते मी? तुमाले का वाटते, तुमचे शर्ट आपोआप साफ होत होते का? इतके वर्सं ऑइलवाल्या माणसाचे कपडे धुतले. डाग घासाचा नाई. घासला का पसरते. त्याच्यावर कोरडं काही टाकाचं, उन्हात ठेवाचं, आन् आपण आपल्या कामाले लागाचं. उन्हानं डाग वर येते आन् पावडर पिऊन घेते.”

मिस्त्रींनी शर्टाकडे पाहिलं, मग खिडकीतून शेडकडे.

“इतकी पावडर कुठून आणू?”

“पावडर काहून पायजे? छुई आणा.”

छुई म्हणजे चूल आणि ओटा पोतायची पांढरी माती. जुन्या घरांत अजून असते. मिस्त्रींनी पोतीच आणली. कौसल्याबाईंनी मोठ्या गंजात पाणी गरम केलं, त्यात कपडे धुवायचा सोडा विरघळवला, त्या पाण्यात छुई कालवली आणि थापायच्या चिखलाइतकी घट्ट केली. मग मिस्त्री, कौसल्याबाई आणि विक्की, तिघांनी मिळून अख्ख्या कोब्यावर तिचा बोटभर जाड लेप दिला. विक्की थापीनं लावत होता, मिस्त्री फळीनं, आणि कौसल्याबाई हातानं. सगळ्यात सरळ लेप त्यांचाच बसला, आणि ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं.

रामदासपेठेला निघालेल्या श्वेतानं दारात उभं राहून हे पाहिलं. कोबा पांढरा, सासरे पांढरे, सासू कोपरापर्यंत पांढरी.

“बाबा, या उन्हात तुम्ही आत काम करणार? टिनाखाली?”

“काम आपण कुठं करतो? काम कोबा करते.”

“एक अट आहे,” श्वेता म्हणाली. “ऊन चढलं की आत पाय ठेवायचा नाही. सकाळी लेप, संध्याकाळी खरवडणं. दुपारी घरी. पन्हं प्यायचं आणि झोपायचं. नाही ऐकलं तर मी आजच मानेवाड्याला फोन करते.”

“झोपाची अट मंजूर,” मिस्त्री म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना झोपणं हे काम म्हणून दिलं होतं.

दुपारी दार बंद, कूलर नाही, पंखा नाही. गोपाळरावांनी उदार होऊन आपला जुना कूलर देऊ केला होता. मिस्त्रींनी तो परत पाठवला. “ओलसर हवा नको,” ते म्हणाले. “कुरडईसमोर कोणी कूलर लावते का गा?” गोपाळरावांना या उत्तराचा राग आला, पण त्यात चूक सापडेना म्हणून तो वाढला.

संध्याकाळी दार उघडलं. पांढरा लेप वाळून भेगाळला होता आणि खालून वर तपकिरी, काळे डाग उमटले होते, जणू कोब्यानं पोटातलं सगळं बाहेर काढून त्यावर मांडलं होतं. मिस्त्रींनी पत्र्यानं एक पापुद्रा उचलला. खालची बाजू काळीकुट्ट. त्यांनी तो पापुद्रा तळहातावर घेतला, रस्ता ओलांडला आणि गोपाळरावांपुढे धरला.

“पाहा.”

“का आहे हे?”

“ऑइल.”

“खावाचं आहे का?”

“नाई. तुमच्या एसटीचं आहे. एकदा ब्रेकडाऊन होऊन आली होती ना माह्याकडे, तिचं.”

गोपाळरावांनी चष्मा लावून तो पापुद्रा उलटसुलट बघितला. “आमची एसटी इतकी गळत नव्हती,” ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

मग रोज तेच. सकाळी लेप, दुपारी झोप, संध्याकाळी खरवडणं, मग सोड्याच्या गरम पाण्यानं काथ्याच्या ब्रशनं घासणं आणि स्वच्छ पाण्यानं धुणं. प्रत्येक फेरीला पापुद्रा थोडा कमी काळा निघायचा. गल्लीतले लोक संध्याकाळी येऊन बघू लागले. कोणी म्हणायचं, “आज चहासारखा निघाला,” कोणी म्हणायचं, “आज दूध जास्त आहे.” गच्चीवर कौसल्याबाईंच्या कुरडया आणि खाली मिस्त्रींचा कोबा, दोन्ही एकाच उन्हात वाळत होते, आणि कोण चांगलं वाळवतं यावर नवराबायकोत वाद चालू होता.

नवतपा सरत आला तेव्हा श्वेतानं विक्कीला बोलावलं. “आता बघा. मला गाळ्याच्या मालकाला सांगायचं आहे.”

विक्कीनं ओंजळ भरली. गल्ली दारात जमली होती. गोपाळरावांनी खुर्ची रस्त्याच्या कडेपर्यंत आणली होती, अलीकडे येणं मात्र टाळलं होतं. पहिला थेंब पडला. क्षणभर उभा राहिला, मग पसरला, मग कोब्यावर एक गडद डाग तेवढा राहिला आणि थेंब आत गेला. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी तेच. विक्की पुढे पुढे सरकत होता आणि कोबा घटाघट पाणी पीत होता. “अरे वा रे वा,” विक्की पुटपुटत होता. “तहानलेला होता बिचारा.”

शेडच्या बरोबर मधोमध आला आणि त्यानं पाणी टाकलं. साबुदाणा.

ही ऑइल बदलायची जागा. इथं ट्रकचं चेंबर उघडायचं आणि खाली तसराळं ठेवायचं. तसराळं भरलं की मिस्त्री गप्पा मारत उभे राहायचे आणि ते वरून वाहायचं. तीसेक वर्षांत इथलं ऑइल किती खोल गेलं असेल ते कोणी सांगावं.

“चालते,” विक्की म्हणाला. “बाकी सगळं झालं ना. इथं एक लोखंडी कपाट ठेवून द्या. कोणाले दिसत नाई.”

श्वेता त्या जागेकडे बघत राहिली. “इथं चालायचे बार येणार आहेत, विक्कीभाऊ. पडलेला माणूस पुन्हा चालायला शिकतो ना, तो इथं शिकणार. आणि रंगाची एक खपली निघाली तर पाय अडकतो.” तिनं हातातला फोन बघितला. “बाबा, तुम्ही खूप केलं. आता ताणू नका.”

“उद्याची दुपार दे,” मिस्त्री म्हणाले.

“काय करणार?”

“एखाद्या इंजिनात बिघाड खोल असला तं माणूस काय करते? बोनेट उघडते.”

त्यांनी वर पाहिलं. श्वेतानं वर पाहिलं. विक्कीनं वर पाहिलं आणि म्हणाला, “मी नाई चढणार.”

पहाटे थंड असतानाच विक्की छतावर चढला होता. टिनावर ओलं पोतं टाकून, त्यावर बसून, मिस्त्री खालून सांगतील तो बोल्ट शेजारच्या गॅरेजातून उसन्या आणलेल्या पान्यानं सोडत होता. “तो नाई, त्याच्या बाजूचा. पाना उलटा फिरव. तुले कधी पाना धराले नाई लावला का कोणी?” “मी पेंटर आहे मिस्त्री, ब्रश द्या मले.” गंजलेले बोल्ट कुरकुरले, एक तुटला, आणि डोक्यावरचा एक अख्खा पत्रा बाजूला सरकला. शेडच्या पोटात आभाळाचा लांबट तुकडा आला.

त्या जागेवर लेप दिला, या वेळी दुप्पट जाड. या दिवसांत नागपुरात भर दुपारी सूर्य असा डोक्यावर येतो की माणसाची सावली त्याच्या चपलेखाली दडते. उजेडाचा पट्टा सकाळभर भिंतीवरून खाली सरकत आला, कोब्यावर उतरला, आणि दुपारी थेट त्या लेपावर येऊन उभा राहिला. घरात कोणी झोपलं नाही. अट सुनेचीच होती आणि तीच खिडकीत उभी होती.

“धूर निघून राहिला का वं?” मिस्त्रींनी कौसल्याबाईंना विचारलं.

“धूर नाई. वाफ आहे.”

“तुले काय समजते?”

“छुई कोणाची? शर्ट कोणी धुतले?”



संध्याकाळी लेप उचलला तो एका तुकड्यात आला, भाकरीसारखा, आणि काळा इतका की गल्लीतल्या पोट्ट्यांनीही हात लावला नाही. खाली कोबा ताज्या सिमेंटसारखा राखाडी. धुतला, वाळवला. विक्कीनं बाटली मिस्त्रींच्या हातात दिली.

“तुमीच टाका.”

मिस्त्रींनी बोटं बुडवली आणि एक थेंब सोडला. तो गोल उभा राहिला. सगळे वाकले. मग त्याची कड किंचित विस्कटली, पोट खाली बसलं, एका बाजूनं तो ओघळल्यासारखा झाला, आणि गेला. गडद डाग राहिला. मग डागही सुकला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नागपुरात अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतात. मिस्त्रींच्या पाठीत इतके पडले की त्यांना त्या दिवशी सुनेकडून शेक घ्यावा लागला. श्वेता बाहेर जाऊन फोनवर म्हणाली, “नाही, गाळा नको. हो, नक्की. आमच्याकडे जागा आहे. खूप चांगली जागा आहे.” आणि परत येताना तिनं पदरानं, म्हणजे ओढणीनं, डोळ्यातलं काहीतरी काढलं. उन्हाचं असेल.

पत्रा परत बसवायचा होता, पण तीच म्हणाली, “त्या जागी पारदर्शक पत्रा टाकू या, बाबा. उजेड छान पडतो.” त्यामुळे चालायच्या बारवर आता दिवसभर उजेड पडतो.

विक्कीनं आधी अस्तर मारलं, मग हलका पोपटी रंग, दोन हात. वाळल्यावर त्यानं नेमक्या मधल्या जागेवर चिकटपट्टी दाबून लावली आणि मिस्त्रींना म्हणाला, “ओढा.” मिस्त्रींनी ताकद लावून ओढली. चिकटपट्टी कोरी आली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, उलट करून बघितली, मग घडी करून विक्कीच्या खिशात घातली. “फ्रेम कर,” ते म्हणाले.

पाटी नवी लागली, आणि भंगारवाल्यानं एकदा येऊन, पोपटी कोबा बघून, काही न विचारता सायकल वळवली. उलट शेजारचे तीन गॅरेजवाले मिस्त्रींकडे छुईचं माप विचारायला आले, आणि मिस्त्रींनी ते खाटेवर बसून, पायावर पाय टाकून, जणू हा शोध लहानपणीच लावला होता अशा थाटात सांगितलं. कौसल्याबाई स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाल्या, “सोड्याचं पाणी गरम पायजे, थेबी सांगा.” त्यांनी तेही सांगितलं.

गोपाळरावांनी रस्ता ओलांडायला मात्र वेळ घेतला. आयुष्यभर क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा गेला होता, हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, कारण खुर्चीपासून चार पावलं दूर ते कधी जातच नव्हते. उद्घाटनाच्या दिवशी ते काठी टेकत आले, दारात थांबले आणि चप्पल काढली.

“घसरत तं नाई ना गा?”

“तुमी नाचून पाहा,” मिस्त्री म्हणाले.

गोपाळराव नाचले नाहीत. पण मधोमध जाऊन बार धरून उभे राहिले, वरून पडणाऱ्या उन्हात, आणि खाली रंगाकडे बघत म्हणाले, “लाइन चांगली आहे. खड्डे नाहीत.” एसटीवाल्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. दिघोरीच्या सिंधूताई, कंबरेचं ऑपरेशन झालेल्या, व्हीलचेअरमध्ये बसल्या आणि त्यांच्या नातीनं खुर्ची ढकलली. रस्त्यावरून आत, एकाही ठेचेशिवाय. चाकं पोपटी रंगावरून, त्या मधल्या जागेवरून, सरळ श्वेतापर्यंत गेली. सिंधूताईंना कळलंही नाही की आपण कशावरून आलो. तेच तर हवं होतं.

मिस्त्री दारात उभे राहून चाकांकडे बघत होते. त्यांचे कान टवकारले. त्यांनी पुढे होऊन खुर्ची थोडी मागे घेतली, थोडी पुढे ढकलली.

“उजवं चाक वाजून राहिलं,” ते म्हणाले. “बेअरिंग कोरडं आहे. थोडंसं ऑइल सोडतो, आत्ता—”

श्वेतानं मान वर केली. कौसल्याबाईंनी मान वर केली. विक्कीनं, गोपाळरावांनी आणि दारातल्या सगळ्या गल्लीनं मान वर केली.

“बरं,” गोविंदा मिस्त्री म्हणाले, आणि सिंधूताईंची खुर्ची हलक्या हातानं ढकलत बाहेर रस्त्यावर घेऊन गेले.